रोमन अंक : सात अक्षरे ओळखा, कागद नीट वाचा

आपल्या प्रत्येक घरात कागदपत्रांची एक पिशवी असते. तीत मुलांच्या गुणपत्रिका असतात, शाळा सोडल्याचा दाखला असतो, जातीचा दाखला असतो, दवाखान्याचे केसपेपर असतात. एखाद्या घरात, दुर्दैवाने, पोलीस ठाण्यातून आणलेली फिर्यादीची प्रतही असते. हे कागद एकदा बाहेर काढून पाहा. त्यांपैकी बऱ्याच कागदांवर जिथे आकडा असायला हवा तिथे इंग्रजी अक्षर बसलेले दिसेल. दहावीच्या जागी नुसती फुली, चौथ्या सेमिस्टरच्या जागी एक उभी रेघ आणि तिला लागून व्ही, कायद्याच्या कलमात कंसातला छोटासा एक्स. हेच रोमन अंक.

घड्याळावर पाहिले म्हणून आपल्याला ते थोडेफार ओळखीचे वाटतात. पण कागद हातात आला की आपण अडखळतो, आणि काउंटरपलीकडचा माणूस सांगेल ते खरे मानून परत येतो. वास्तविक यात पंडिती काहीच नाही. सात अक्षरे, दोन नियम आणि एक मर्यादा एवढाच हा विषय आहे. रात्रीचे जेवण झाल्यावर मुलांना घेऊन बसलात तर अर्ध्या तासात तो घरातल्या सर्वांना येईल. तो यायला हवा, कारण या अक्षरांत एक रेघ डावीकडची उजवीकडे गेली तर नववीची अकरावी होते, आणि कायद्याच्या कागदावर तर गुन्हाच बदलतो.

ती सात अक्षरे

या लेखात रोमन अक्षरे आम्ही त्यांच्या नावाने मराठीत लिहीत आहोत. वाचताना शेजारी वही ठेवा आणि तीच अक्षरे मोठ्या इंग्रजी लिपीत काढत चला.

आय म्हणजे १. ही नुसती उभी रेघ. व्ही म्हणजे ५. दोन तिरप्या रेघा खाली टोकाशी मिळालेल्या. एक्स म्हणजे १०, ही फुली. एल म्हणजे ५०. उभी रेघ आणि पायाशी उजवीकडे आडवी रेघ. सी म्हणजे १००, डी म्हणजे ५०० आणि एम म्हणजे १०००.

लॅटिन भाषेत शंभराला सेंटम आणि हजाराला मिले म्हणतात. सी आणि एम लक्षात ठेवायला ही शब्दांची आठवण उपयोगी पडते. शंभर वर्षांच्या शतकाला इंग्रजीत सेंच्युरी म्हणतात, त्यातही हाच सेंटम आहे.

लहान मुलांना शिकवताना काडेपेटीतल्या वापरलेल्या काड्या घ्या. आय, व्ही, एक्स आणि एल ही चारही अक्षरे काड्यांनी मांडता येतात. एकोणनव्वदपर्यंतचे सर्व आकडे एवढ्यावर भागतात. मूल हाताने मांडते ते विसरत नाही.

दोन नियम आणि एक मर्यादा

पहिला नियम बेरजेचा. मोठे अक्षर आधी आणि लहान नंतर आले तर बेरीज करायची. व्ही-आय म्हणजे पाच अधिक एक, सहा. एक्स-आय-आय म्हणजे दहा अधिक दोन, बारा. एल-एक्स म्हणजे पन्नास अधिक दहा, साठ.

दुसरा नियम वजाबाकीचा. लहान अक्षर मोठ्याच्या आधी आले तर ते मोठ्यातून वजा करायचे. आय-व्ही म्हणजे पाचातून एक गेला, चार. आय-एक्स म्हणजे दहातून एक गेला, नऊ. अशा जोड्या एकंदर सहाच आहेत : आय-व्ही ४, आय-एक्स ९, एक्स-एल ४०, एक्स-सी ९०, सी-डी ४०० आणि सी-एम ९००. याबाहेर वजाबाकी करायची नाही. म्हणून ४९ लिहिताना कोणी आय-एल लिहिले तर ते चूक. आधी चाळीस, मग नऊ, म्हणजे एक्स-एल-आय-एक्स असेच लिहायचे.

मर्यादा अशी की आय, एक्स, सी आणि एम ही अक्षरे लागोपाठ जास्तीत जास्त तीनदा येतात. व्ही, एल आणि डी ही एकदाच येतात. दोन व्ही लिहिण्याची गरजच नाही, कारण दोन पाच म्हणजे एक्स.

मोठा आकडा दिसला की घाबरायचे नाही. हजार, शंभर, दहा आणि एकक असे त्याचे तुकडे पाडायचे. १९५६ हे साल घ्या. एम म्हणजे हजार, सी-एम म्हणजे नऊशे, एल म्हणजे पन्नास, व्ही-आय म्हणजे सहा. सगळे मिळून एम-सी-एम-एल-व्ही-आय. जुन्या इमारतींच्या दर्शनी दगडावर असे साल कोरलेले असते. ते अशाच रीतीने डावीकडून तुकडे पाडत वाचावे.

एक अपवाद पुष्कळांना गोंधळात टाकतो. रोमन अंकांच्या पुष्कळ घड्याळांवर चारच्या जागी आय-व्ही नसते, चार उभ्या रेघा असतात. ती छापण्याची चूक नव्हे. वजाबाकीची पद्धत खुद्द रोमन लोकही सर्वत्र पाळत नसत. रोममध्ये इ.स. ८० साली खुले झालेले कोलोसियम हे प्रचंड प्रेक्षागृह आजही उभे आहे. त्याच्या दरवाजांच्या कमानींवर क्रमांक कोरलेले आहेत. तिथे चौपन्नाव्या दरवाजावर एल आणि पुढे चार रेघा आहेत. आज मात्र शाळेत आणि कचेरीत आय-व्ही हेच रूप चालते.

हे अंक मागे का पडले

इंग्रजी अक्षरे दिसली की ही काही तरी वरच्या दर्जाची विद्या असावी असे आपल्या मनात येते. तसे नाही. खुणेच्या काठीवर मोजणीसाठी पाडलेल्या खाचांतून हे अंक निघाले असावेत असे अभ्यासक मानतात. पुढे त्या खुणांना अक्षरांचे रूप आले. म्हणजे दुधाचा हिशेब भिंतीवर रेघा ओढून ठेवणारी आपली आजी आणि तो प्राचीन रोमन मेंढपाळ यांची रीत एकच.

जमाखर्चाच्या वह्या लिहिणारा माणूस म्हणून मी सांगू शकतो की या अंकांत हिशेब लिहिणे म्हणजे शिक्षाच. यांत शून्य नाही आणि जागेनुसार किंमत नाही. आपण ८८८ तीन आकड्यांत लिहितो. रोमन पद्धतीत त्याच संख्येला बारा अक्षरे लागतात : डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय. एकाखाली एक मांडून बेरीज करण्याची सोय नाही, मग गुणाकार कुठला! त्यामुळे रोमन लोक हिशेब पाटीवर खडे सरकवून करीत आणि उत्तर तेवढे अक्षरांत लिहीत.

ही अडचण सोडवली ती भारतातून गेलेल्या अंकांनी. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनकाळातील शिलालेख आहे. त्यात दान दिलेल्या वस्तूंची संख्या ब्राह्मी अंकांत कोरलेली आहे. त्या अंकांत अजून स्थानमूल्य नव्हते. स्थानमूल्य आणि शून्य पुढे आले, आणि ग्वाल्हेरच्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात शून्य स्पष्ट कोरलेले दिसते. हे अंक अरब विद्वानांमार्फत पश्चिमेकडे गेले. इटलीतील पिसा गावच्या फिबोनाची याने १२०२ साली ग्रंथ लिहून ते युरोपातील व्यापाऱ्यांना समजावून दिले. नव्या अंकांना विरोधही झाला. फ्लॉरेन्स शहरातील सराफांच्या संघाने १२९९ साली आपल्या सभासदांना हिशेबाच्या वहीत हे नवे अंक वापरण्यास मनाई केली होती. पण सोयीपुढे मनाई टिकली नाही. हिशेबातून रोमन अंक गेले आणि क्रम दाखवण्यापुरते उरले : प्रकरण कितवे, भाग कितवा, इयत्ता कोणती, पेपर कोणता.

म्हणून या अक्षरांपुढे दबून जाण्याचे कारण नाही. पण ती कागदावर आहेत तोवर वाचता आलीच पाहिजेत.

शाळा-कॉलेजचा कागद

इंग्रजी दाखल्यावर इयत्तेपुढे रोमन अंक असतो. व्ही-आय-आय-आय म्हणजे आठवी, आय-एक्स नववी, एक्स दहावी, एक्स-आय अकरावी, एक्स-आय-आय बारावी. यांतली नववी आणि अकरावी ही जोडी फार फसवी आहे. दोन्हींत एक रेघ आणि एक फुली. रेघ फुलीच्या डावीकडे असेल तर वजा, म्हणून नऊ. उजवीकडे असेल तर अधिक, म्हणून अकरा. शिवाय कागद उलटा धरला तर आय-एक्सचे एक्स-आय दिसते. काउंटरच्या दोन बाजूंना दोन माणसे एकच कागद पाहत असतात तेव्हा हे सहज घडते.

आमच्या वस्तीतील एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज याच कारणाने परत आला होता. दाखल्यावर नववी होती, अर्ज भरून देणाऱ्याने अकरावी भरली. त्यात कोणाचा कावा नव्हता, रेघ कोणत्या बाजूला आहे तेवढे पाहिले गेले नाही. दुरुस्तीसाठी त्या मुलीच्या आईचे दोन दिवसांचे काम बुडाले. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला दोन दिवसांचा खाडा किती महाग पडतो हे आपल्याला सांगायला नको.

चार आणि सहा या जोडीचेही तसेच. आय-व्ही म्हणजे चौथे सेमिस्टर, व्ही-आय म्हणजे सहावे. पदवीच्या गुणपत्रिका लावताना आधी हे तपासा. आणखी एक घोटाळा दोनचा. हाताने लिहिलेल्या दोन उभ्या रेघा आणि इंग्रजी अकरा यांत फरक दिसत नाही. म्हणून रोमन दोन लिहिताना दोन्ही रेघांच्या डोक्यावर आणि पायाशी आडवी रेघ द्यावी.

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुला-मुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शिक्षक पात्रता परीक्षेत पेपर आय हा पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी आणि पेपर आय-आय हा सहावी ते आठवीसाठी असतो. एका रेघेच्या फरकाने परीक्षाच वेगळी होते.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या नोकरीच्या जुन्या कागदांवर क्लास थ्री, क्लास फोर असे रोमन अंकांत लिहिलेले सापडेल. त्यांनाच मराठीत तृतीय श्रेणी, चतुर्थ श्रेणी म्हणत. आता राज्य शासनात गट क, गट ड अशी नावे आहेत. जुना आय-व्ही म्हणजे आजचा गट ड, हे वारसांनी जाणून असावे.

दवाखान्याचा कागद

कुत्रे चावल्यावर सरकारी दवाखान्यात केसपेपरवर कॅटेगरी आय, आय-आय किंवा आय-आय-आय असे लिहितात. पहिल्या प्रकारात कुत्र्याला नुसता हात लागलेला असतो किंवा धड कातडीवर चाटलेले असते. त्याला इंजेक्शन लागत नाही. दुसऱ्यात रक्त न येता किरकोळ ओरखडा असतो, त्याला लस लागते. तिसऱ्यात कातडी फोडून चावा घेतलेला असतो किंवा जखमेवर लाळ लागलेली असते. त्याला लस तर लागतेच, शिवाय जखमेत व जखमेभोवती देण्याचे वेगळे औषध लागते. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. कागदावर तीन रेघा असतील आणि नुसत्या दंडावर लस देऊन घरी पाठवत असतील, तर हे दुसरे औषध मिळणार का, असे तिथल्या तिथे नम्रपणे विचारा. आणि कोणताही प्रकार असो, जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायचीच.

कर्करोगाच्या रिपोर्टवर स्टेज लिहिलेली असते, ती बहुधा आय ते आय-व्ही अशी. स्टेज आय-आय म्हणजे दुसरी, अकरावी नव्हे. हिमोफिलिया या रक्त न थांबण्याच्या आजारात तर अंक चुकवून चालतच नाही. त्याच्या ए प्रकारात फॅक्टर व्ही-आय-आय-आय म्हणजे आठ कमी असतो आणि बी प्रकारात फॅक्टर आय-एक्स म्हणजे नऊ. दोघांची औषधे वेगळी. अशा रुग्णाच्या घरी हा आकडा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

कायद्याचा कागद

आता सर्वांत महत्त्वाचे. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ हा कायदा आपल्या माणसांना नावाने ठाऊक आहे. त्यातील ३(१)(१०) हे कलमही जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी बसलेले आहे. सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान केल्याचे ते कलम. मूळ इंग्रजी कायद्यात तिथे दहा लिहिलेले नव्हते, कंसात छोटा एक्स होता. ३(१) मधील खंड एक ते पंधरा असे रोमन अंकांत होते, म्हणून तो एक्स म्हणजे दहा.

२०१५ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. त्या दुरुस्तीने ३(१) मधील रोमन अंक काढून टाकले आणि ए, बी, सी, डी अशी साधी अक्षरे घातली. अपमानाचा गुन्हा आता ३(१)(आर) मध्ये आहे आणि सार्वजनिक ठिकाणी जातीवरून शिवीगाळ ३(१)(एस) मध्ये. आज कागदावर ३(१)(एक्स) दिसले, तर तो दहा नसून डब्ल्यूनंतरचा एक्स आहे. तो खंड आपल्या लोकांच्या वापराचे पाणी दूषित करण्याचा. अक्षर तेच, गुन्हा दुसरा!

गंमत अशी की शेजारच्या पोटकलमात रोमन अंक तसेच राहिले. ३(२)(व्ही) मधील व्ही हा अजूनही पाचच आहे. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा आपल्या माणसाविरुद्ध केला तर जन्मठेपेची तरतूद करणारा हा खंड. उलट ३(१)(व्ही) मधील व्ही हे नुसते अक्षर आहे. हयात नसलेल्या, आपल्या समाजाला आदरणीय असलेल्या व्यक्तीचा अनादर करण्याबद्दलचा तो खंड. आणि ३(२)(व्ही-ए) म्हणजे पाचव्या व सहाव्या खंडाच्या मध्ये नंतर घातलेला पाच-अ.

मग अंक आणि अक्षर ओळखायचे कसे? शेजारी पाहा. एक्सच्या आधीच्या खंडावर आय-एक्स असेल तर तो अंक. आधी डब्ल्यू असेल तर ते अक्षर. व्हीच्या आधी आय-व्ही असेल तर पाच. यू असेल तर अक्षर. एकटे अक्षर पाहून कधीही ठरवू नका.

फिर्याद नोंदवल्यावर तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ती प्रत घ्या आणि कलमांच्या रकान्यावर बोट ठेवून वाचा. आपण सांगितलेली हकीकत आणि लावलेले कलम जुळते का ते पाहा. शंका आली तर त्याच दिवशी वकिलाला किंवा जाणत्या कार्यकर्त्याला दाखवा. घटना २६ जानेवारी २०१६ च्या आधीची असेल तर जुना क्रम, नंतरची असेल तर नवा क्रम, एवढे ध्यानात असू द्या.

याच कायद्यात प्रकरण आय-व्ही-ए आहे. हा चार-अ. पीडित व साक्षीदार यांचे हक्क सांगणारे कलम १५-अ त्यात आहे. शेवटी ए लागलेला दिसला की समजावे, हा भाग नंतर घातलेला आहे. सात अक्षरांत ए नाही, म्हणून त्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही.

राज्यघटनेची पाने

राज्यघटनेच्या इंग्रजी प्रतीत अनुच्छेदांना साधे आकडे आणि भागांना रोमन अंक आहेत. मराठी प्रतीत भाग तीन, भाग चार असे शब्दांत छापतात. भाग आय-आय-आय मध्ये मूलभूत हक्क आहेत, अनुच्छेद १२ ते ३५. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ त्यातच. भाग आय-व्ही मध्ये राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वे, तर व्ही-आय मध्ये राज्यांचा कारभार. भाग आय-व्ही-ए हा मूलभूत कर्तव्यांचा, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेला. भाग आय-एक्स पंचायतींचा, तो २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आहे. विधिमंडळातील राखीव जागा आणि अनुसूचित जातींची व्याख्या यांचे अनुच्छेद भाग एक्स-व्ही-आय म्हणजे सोळामध्ये, ३३० ते ३४२ या क्रमात आहेत. घरात घटनेची प्रत असेल तर मुलांना अनुक्रमणिका उघडून हे भाग शोधायला सांगा. अंकांचा सराव होईल आणि घटनेची ओळखही.

घरचा अभ्यास

हे वाचा : (१) एक्स-आय-व्ही (२) एक्स-एल-आय-आय (३) एक्स-सी-आय-एक्स (४) एम-डी-सी-सी-सी-एक्स-सी-आय (५) एम-सी-एम-एक्स-एक्स-व्ही-आय-आय.

हे रोमन अंकांत लिहा : (६) १९ (७) ४४ (८) १९५०.

आई-वडिलांनी मुलांची आणि मुलांनी आजी-आजोबांची परीक्षा घ्यावी. मग पिशवीतले कागद काढून प्रत्येक रोमन अंकाशेजारी त्याचा अर्थ वेगळ्या चिठ्ठीवर मराठीत लिहून ती टाचणीने लावावी. मूळ कागदावर मात्र काही लिहू नये. यापुढे कोणताही अर्ज दुसऱ्याकडून भरून घेताना इयत्ता, पेपर आणि कलम तोंडाने मराठीत सांगा, आणि सही करण्यापूर्वी लिहिलेले स्वतः वाचा.

उत्तरे : (१) १४ (२) ४२ (३) ९९ (४) १८९१ (५) १९२७ (६) एक्स-आय-एक्स (७) एक्स-एल-आय-व्ही (८) एम-सी-एम-एल.